भाऊबीजेला मागितलेली खोली

भोसरीत आम्ही भाड्याने राहायचो ते घर जुनं, पण संडास आतच होता. तेवढ्यासाठीच घेतलेलं. सासूबाईंचे गुडघे गेलेले; टमरेल घेऊन माळावर जाणं त्यांना जमायचं नाही. मी त्यांना आत्याबाई म्हणायची.

घरमालक गावातलाच शेतकरी. त्याला सख्खी बहीण नव्हती. पहिल्याच दिवाळीला दारात येऊन म्हणाला, "ताई, मला ओवाळा." तेव्हापासून दर भाऊबीजेला यायचा, पोटभर जेवायचा. मी त्याला दादा म्हणायची. जीव लावला होता हो त्याला!

एका पावसाळ्यात संडास तुंबला. घाण उलटी मोरीत यायला लागली. गवंड्याने खणून बघितलं तर अंगणातल्या जांभळाच्या मुळांनी मातीचे पाइप पार फोडून टाकलेले. टाकीपर्यंतची सगळी लाइन नवी घालायची, म्हणजे खर्च दांडगा.

दादा म्हणाला, "ताई, माझा हात आखडलाय. तुमीच करून घ्या. तुमाला काय मी उठवणार हाय व्हय?"

आमचे हे म्हणाले, कागद करून घेऊ. मीच त्यांच्यावर डाफरले. भावाकडून कुणी कागद करून घेतं का?

दिवाळीचा बोनस झाला आणि सगळाच्या सगळा त्या चरात गेला. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, तेव्हा ह्यांच्या शिफ्टमधली माणसं खणायला आली. दिवसभर मी त्यांना चहा-भाकरी पुरवली. पोरांना त्या दिवाळीला नवे कपडे नव्हते. पण पाणी सरळ जायला लागलं, आणि आत्याबाई अशा खूश की विचारू नका.

भाऊबीजेला दादा आला. मी ओवाळलं, त्याने ताटात ओवाळणी घातली, लाडू खाल्ला. मग हात पुसत म्हणाला, "ताई, पुढच्या महिन्यात खोली मोकळी करा. एका कंपनीच्या सायबाला पायजे. संडास चांगला चालतो का, ते आधी इचारून घेतलं त्यानं."

मेल्याने ओवाळून घेईपर्यंत तोंड उघडलं नाही! मी म्हटलं, "दादा, तुम्ही शब्द दिला होता." तो म्हणाला, "त्यो काय कागदावर होता व्हय?" आणि चप्पल घालून चालता झाला.

महिनाभरात आम्ही निघालो. हाताला लागली ती खोली घेतली. संडास चाळीच्या पार टोकाला, सगळ्या बिऱ्हाडांत मिळून एक, वर तीन पायऱ्या. आत्याबाईंनी एका शब्दाने तक्रार केली नाही. पण माझ्या लक्षात यायला लागलं, दुपार झाली की त्या पाण्याला शिवायच्या नाहीत. चैत्रातल्या उन्हात मी तांब्या पुढे केला तरी म्हणायच्या, "नगं बाई, तहान न्हाई."

ओठ फुटलेले असायचे त्यांचे.