जुनाच ब्राउझर ठेवला
मोबाइलच्या दुकानात तवा मी, माझी सून आन् दुकानदार, एवढेच हुतो. आजबी कुणा शेजारच्याच्या शर्टाला कंपनीच्या ऑइलचा वास आला, की त्यो दिवस आठवतो. माझा लेक चाकणला मशिनीवर काम करता करता वारला. दहाव्याला त्याचे कपडे आळंदीला नदीत सोडले, मोबाइल तेवढा ठेवला. त्यो पार भरला हुता, म्हणून जागा करायला दुकानात नेला. दुकानदार म्हणला, “मावशी, ह्यात दोन ब्राउझर हायेत. नवा झटक्यात उघडतो, जुना काढू?” सून म्हणली, “आदी जुन्यात काय हाय ते बघा.” लेकानं शेवटी बघितलेलं पान तसंच उघडं हुतं, गुडघे दुखणाऱ्यांसाठी संडासाची खुर्ची. “आत्या, त्ये तुमच्यासाठीच बघत हुते,” सून म्हणली. मी म्हणलं, “जुनाच ठेव.” “लय रखडंल, मावशी.” “रखडू दे. आमाला कुठं शिफ्ट गाठायचीय?” तुमच्या घरातलं माणूस गेलं, तर त्याच्या मोबाइलमधलं काही काढायच्या आदी एकदा उघडून बघा.