आर्वेलाचं चौथं गाणं

आर्वेला स्ट्राउड गाण्यासाठी नॅशव्हिलला पळाली, तेव्हा तिच्या बापानं फर्मान काढलं : या घरात तिचं ताट मांडायचं नाही. होबार्ट स्ट्राउड म्हणजे अलाबामातल्या कार्बन ग्रोव्हचा न्हावी आणि चर्चमधलं बडं प्रस्थ. त्यांच्या चर्चमध्ये देवाची गाणीसुद्धा वाद्यांशिवाय म्हणतात. ही तर गिटार घेऊन गेली होती.

नॅशव्हिलला स्टुडिओ तीन तास मिळायचा, तेवढ्यात चार गाणी उरकायची. तिची तीन झाली, वीस मिनिटं उरली. वादकांना फुकट कशाला बसवायचं, म्हणून निर्माता म्हणाला, "असेल ते म्हण." तिनं त्या न मांडलेल्या ताटावर स्वतः लिहिलेलं गाणं म्हटलं. ते तबकडीच्या मागच्या बाजूला गेलं, म्हणजे जिथे कुणी फिरकत नाही तिथे. क्लीव्हलंडच्या एका रेडिओवाल्यानं घाईत तबकडी उलटी लावली आणि महिन्याभरात गाणं देशभरच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथं आलं. मग सगळ्या जाणकारांना पहिल्यापासूनच खात्री होती.

कार्बन ग्रोव्हमध्ये मात्र ते लागलं रे लागलं, की होबार्ट वस्तरा बाजूला ठेवून रेडिओचा कान पिळून तो बंद करायचा. बापानं एकदा ते शेवटपर्यंत ऐकावं, एवढीच आर्वेलाची इच्छा होती. पुढची गाणी आपटली, लग्नही आपटलं. ती गावी परतली आणि बापाच्या शेजारच्या दुकानात बायकांचे केस सेट करू लागली. ताट मांडलं जाऊ लागलं. गाण्याचं नाव काढायची सोय नव्हती.

अकरा वर्षांनी कुणा कंट्री, म्हणजे गावरान ढंगाच्या, गायकानं तेच गाणं म्हटलं. सोबत फिडल आणि रडवी स्टील गिटार, डोक्यावर भली मोठी टोपी. टोपीखाली गेल्यावर गाणं एकदम पवित्र झालं.

एका सकाळी ती टॉवेल मागायला बापाच्या दुकानात गेली, तर रेडिओवर तेच लागलं होतं आणि होबार्ट कात्री थांबवून ऐकत होता. अगदी शेवटपर्यंत ऐकलं. मग बाहीनं डोळे पुसले.

"याला म्हणतात गाणं, पोरी! नाहीतर तुमचा तो धांगडधिंगा. पण काय कसाई असेल गं तो बाप! पोटच्या पोरीला ताट नाही?"

"माझंच आहे ते गाणं, डॅडी."

खुर्चीतल्या गिऱ्हाइकानं मान आखडून घेतली.

"मग यानं सुधारून घेतलं असेल."

"एक अक्षरही बदललेलं नाही."

होबार्टनं कात्री खाली ठेवली.

"आणि तो बाप?" होबार्टनं आरशातूनच विचारलं.

या प्रश्नाची शंभर जहाल उत्तरं तिनं अकरा वर्षं घोकली होती. ती सगळी सोडून तिनं टॉवेल उचलला.

"होता एक," ती म्हणाली. "केस छान कापायचा."