कापून नेलेली कुंकवाची वीत

माझ्या सासरी एक गीता होती. पुस्तक नव्हे, गुंडाळी. तळहाताएवढ्या रुंदीचे कागद एकापुढे एक चिकटवलेले, मुंगीसारखी अक्षरं, प्रत्येक अध्यायाच्या तोंडाशी एक चित्र. चेन्नईत वेस्ट मांबलमच्या आमच्या फ्लॅटमध्ये देवांच्या खालच्या फळीवर पितळी नळकांड्यात ती असायची आणि वर्षातून एकदा, गीता जयंतीला, बाहेर निघायची. आमचे पूर्वज महाराष्ट्रातून तंजावरला उतरले तेव्हा ती बरोबर आणली, असं सासरे सांगत. म्हणजे तीनशे वर्षांहून जुनी.

मी सांगलीची. लग्न होऊन चेन्नईला आले तेव्हा मला त्या वयाशी काही कर्तव्य नव्हतं. माझं नातं होतं ते गुंडाळीच्या शेवटच्या टोकाशी. गीता संपल्यावर तिथे वीतभर कागद कोरा सोडलेला होता, आणि घरात आलेल्या प्रत्येक सुनेनं त्यावर कुंकवाचं बोट टेकवायचं अशी रीत होती. माझं बोट सासूबाईंनी धरून टेकवलं. मग शेजारचा ठसा दाखवून त्यांच्या जुन्या तंजावरी मराठीत म्हणाल्या, "हें माझें. हें माझ्या सासूचें. त्याच्या पलीकडचीं कोणाचीं, मज ठाऊक नाहीं." पलीकडचे ठसे तपकिरी पडले होते. काहींचा तर नुसता डाग उरला होता.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. तंजावरी मराठी मंडळींचा एक मेळावा आमच्या घराजवळच्या लग्नाच्या हॉलमध्ये भरला. महाराष्ट्रातून एक निवृत्त प्राध्यापक पाहुणे म्हणून आले होते, जुन्या पोथ्यांचे अभ्यासक. सासऱ्यांनी मोठ्या हौसेनं गुंडाळी नेली. प्राध्यापकांनी भिंग लावून ती पाहिली आणि माइकवरून सांगून टाकलं, "अक्षराचं वळण अलीकडचं आहे. फार तर दीडशे वर्षं. इथेच कुणीतरी नकलून काढलेली दिसते."

हॉलमध्ये गलका झाला. सासरे उभे राहिले. रेल्वेत सगळी नोकरी झालेला, घरात कधी आवाज न चढवणारा माणूस.

"तुम्ही काल आलां. आमच्या घरांत ही गोष्ट बापानें मुलास सांगितली आहे."

"ऐकीव गोष्ट वेगळी आणि पुरावा वेगळा," प्राध्यापक हसत म्हणाले.

"सरी, बरें! मग पुरावा आणा!"

कागदाचं वय प्रयोगशाळेत काढता येतं, असं प्राध्यापक म्हणाले. दोन दिवस गुंडाळी द्या, नीट बघतो. सासऱ्यांनी त्याच तिरीमिरीत नळकांडं त्यांच्या हातात ठेवलं. सासूबाई बायकांच्या रांगेत माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांना कुणी विचारलं नाही. मलाही नाही.

दोन दिवसांनी मेळाव्याच्या एका कार्यकर्त्यानं नळकांडं घरी आणून दिलं. सासूबाईंनी गुंडाळी उलगडली, शेवटापर्यंत गेल्या आणि थांबल्या. कड पट्टी लावून कापल्यासारखी सरळ होती. त्या कडेवरून त्यांनी दोनदा बोट फिरवलं.

"माझें कुंकूं कोठें आहे?" त्यांनी विचारलं.

सासरे चष्मा शोधत होते. मी चप्पल घातली आणि खाली जाऊन रिक्षा केली.

प्राध्यापक नुंगंबाक्कममधल्या एका गेस्टहाउसवर उतरले होते. व्हरांड्यात फिल्टर कॉफी पीत बसले होते. "या, या," म्हणाले, "आपल्याकडच्या दिसता. सांगली-कोल्हापूर?"

"कागद का कापलात?"

"अहो, चाचणीला नमुना लागतो. मजकुराला मी हात लावलेला नाही. शेवटचा मळलेला भाग तेवढा घेतला. कोरा होता तो."

"कोरा नव्हता. तिथे आमची बोटं होती."

त्यांना कळेना. मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाले, "छान प्रथा आहे. पण बाई, शास्त्रासाठी थोडं सोडावं लागतं."

"सोडणाऱ्याला विचारून!" मी इतक्या जोरात ओरडले की आतून वॉचमन आला. "तुकडा परत द्या."

तुकडा आदल्या दिवशीच प्रयोगशाळेकडे रवाना झाला होता. काम झाल्यावर परत मागवा, मी म्हटलं. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा नजर चुकवली. परत येत नाही, म्हणाले. नमुना जाळावा लागतो. जाळल्यावर जो वायू निघतो त्यावरून वय काढतात.

जाळावा लागतो. कप खाली न ठेवता सांगितलं त्यांनी मला हे.

काही महिन्यांनी निकाल आला. कागद गेल्या तीन-साडेतीनशे वर्षांतला कधीचाही असू शकतो. इतक्या अलीकडच्या वस्तूंना ही परीक्षा नेमकी लागू पडत नाही म्हणे. मी प्राध्यापकांना फोन लावला. "हे तुम्हाला आधी माहीत नव्हतं?"

"अंदाज होता," ते म्हणाले.

अंदाज होता, आणि कात्री चालवली. इकडे मंडळींनी निकालातली साडेतीनशे वर्षं उचलली आणि पेढे वाटले. तिकडे प्राध्यापकांनी लेख लिहिला, की निकाल आपल्या मताच्या आड येत नाही. दोघंही जिंकले. सासरे तो निकालाचा कागद आल्यागेल्याला दाखवायचे. एका संध्याकाळी मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अप्पा, तुमच्या आईचा ठसा जळला त्यात."

"पोदुम," एवढंच ते म्हणाले. पुरे. आणि पेपर वर धरला.

पुढच्या वर्षी प्राध्यापकांचा फोन आला. आता दुसरी पद्धत वापरायची होती, नखाएवढा तुकडा पुरणार होता, या वेळी मजकुरातला. फोन मी उचलला होता. "आमच्या घरातल्या गीतेला यापुढे कुणी हात लावायचा नाही," मी म्हटलं, "वय कळलं नाही तरी चालेल." आणि ठेवून दिला.

सासऱ्यांना कळलं तेव्हा ते माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. म्हातारपणी माणसाला आपण कुठून आलो ते हवं असतं, हे मला तेव्हाही समजत होतं. सासूबाईंनी त्या आठवड्यात रोज माझ्या पानात पहिलं वाढलं.

आता दोघंही नाहीत. कुणी भेटलं, विषय निघाला, की लोक मला अजून विचारतात, शेवटी किती जुनी निघाली हो ती? माझं डोकं फिरतं. किती बोटं जळली, ते कुणी विचारत नाही.