विहिरीचा मलबा आणि साडभाऊ

आमच्या साडभाऊंनी जन्मात डोंगर म्हणून काही पाहिलाच नाही; पाहिले ते सगळे ढीग. बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान वणीकडे कोळशाच्या खाणीत साहेब होते. कोळशाच्या वरची माती-दगड उपसून कुठे आणि कशी रचली म्हणजे ती घसरणार नाही, तिच्यावर गवत धरेल, हे पाहणं त्यांचं काम. निवृत्त होऊन आमच्या गावी, मोताळ्याजवळ राहायला आले, पण ढीग काही डोक्यातून उतरला नाही. राजूर घाटातून एसटी उतरू लागली की खिडकीबाहेर पाहत म्हणायचे, "उतार बरोबर ठेवला देवानं, पण पायथ्याले चर नाई काढला." बाजारात कांदेवाल्याला, लग्नात जिलेब्या रचणाऱ्या आचाऱ्याला, सगळ्यांना फुकटचा सल्ला. जेवायला बसले की भाताला आधी पायऱ्या पाडत, मग वरून वरण सोडत आणि ते कुठून वाहतं ते पाहत बसत. मेहुणीबाई म्हणत, "यायच्या ताटात भात थंडा होते, पण घसरत नाई."

त्या उन्हाळ्यात मी वावरात विहीर खोदायला काढली आणि साडभाऊंना तरतरी आली. आमच्याकडे विहिरीचा मलबा नाल्यात ढकलतात, नाहीतर काठावरच टाकतात. काळी माती आधी निघते म्हणून ती तळाशी जाते, त्यावर मुरूम, आणि शेवटी सुरुंगाचा दगड. मग त्या ढिगावर वर्षानुवर्षं कुसळही उगवत नाही. साडभाऊंनी नोकरीच्या सुरुवातीला हीच चूक केली होती आणि ती ते भेटेल त्याला सांगत: "माती पोटात अन् दगड डोक्यावर. काय उगवन?" त्यांनी काळी माती वेगळी ठेवायला लावली. नाल्याला हात लावू दिला नाही. खाली मोठाले दगड, त्यावर मुरमाचे दाबलेले थर, तेही पायऱ्यापायऱ्यांनी, वरच्या अंगाला पाणी वळवायला चर, आणि सगळ्यात शेवटी ती काळी माती. विहिरीतला मलबा वर ओढणारे क्रेनवाले विचारू लागले, देऊळ बांधून राह्यले का? मीही वैतागलो होतो. विहीर राहिली बाजूला, ह्यांचाच थाट!

पण मेहुणीबाईंनी एकदा हळूच सांगितलं तेव्हा गप्प बसलो. खाणीवर एक ढीग रचून बी पेरलं की साहेबांची रवानगी दुसऱ्या ढिगावर. एवढी नोकरी झाली, पण स्वतः रचलेला एकही ढीग हिरवा झालेला त्यांनी पाहिला नव्हता. आणि दिवाळीनंतर मुलगा दोघांना कायमचं पुण्याला नेणार होता.

ढिगाच्या खालच्या अंगाला रहीमचाचांचं घर. साडभाऊंनी ढिगावर मारवेल गवत आणि करंज लावला आणि चाचांच्या बकऱ्यांना बंदी घातली. श्रावणात झड लागली. साडभाऊ छत्री घेऊन दिवसभर ढिगापाशी. एका सकाळी चरातलं पाणी पेल्यात धरून त्यांनी चाचांना दाखवलं: पाहा, नितळ आहे, म्हणजे माती जागची हलली नाही. चाचा पेल्याकडे पाहत म्हणाले, "पाणी तं साफ हाय साहेब, पन झड लागल्यापासून या ढिगापायी माह्या डोळ्याले डोळा नाई." त्या दिवशी दुपारी एका कोपऱ्यातली माती खचली. साडभाऊंचं तोंड एवढंसं झालं. चाचाच मग टोपलं घेऊन आले आणि दोघांनी भरपावसात तो कोपरा दगडांनी बांधून काढला.

दिवाळी झाली. मुलाची गाडी दारात उभी, आणि साडभाऊ गायब. मला ठाऊकच होतं कुठे असतील ते. ढिगावर उकिडवे बसून मारवेलचा एक ठोंब दोन्ही हातांनी ओढत होते. ठोंब हलेना. "धरलं," म्हणाले, आणि हात झटकून उठले. चाचांना सांगितलं, आता गवत कापा, बकऱ्या मात्र सोडू नका. चाचांनी मान डोलावली. गाडी वळली तरी हे मागच्या काचेतून बघत होते. मला तेव्हा फार वाईट वाटलं.

परवा वावराच्या मोजणीला नवा माणूस आला होता. ढिगाकडे बोट करून विचारत होता, या टेकडीच्या पल्याड कोणाचं वावर? मी संध्याकाळी साडभाऊंना फोन लावला आणि सांगितलं.

पलीकडून हळूच म्हणाले, "काय म्हने तो? पुन्हा सांगा बरं."

मी पुन्हा सांगितलं.