पाच रुपयांचं लिंबू

२ डिसेंबर, सोमवार. थंडी बरी. नळ उशिरा आला. जयवंताकडून मेथीची जुडी आणि अर्धा किलो वांगी. पाच रुपये परत यायचे होते, त्याऐवजी एक लिंबू. नितेश आणि जयवंताचं भांडण.

भांडणाच्या आधी लिंबाचं सांगायला हवं. जयवंता भातकुलीहून भाजी आणते आणि राजापेठेत आमच्या कोपऱ्यावर बसते. सुटे पैसे तिच्याकडे कधीच नसतात. दहाचं नाणं खोटं समजून इथं कोणी घेत नाही. फोनवरून पैसे द्यायची पाटी आहे, पण खातं मुलाचं, धर्मेंद्रचं. "त्या खात्यात पैसा जाते, येत नाही," असं ती म्हणते. म्हणून पाच रुपयांऐवजी ती लिंबू देऊ लागली आणि लिंबू परत आणलं की पाच रुपयांची भाजी.

मग चहावालाही लिंबू घेऊ लागला. ऑटोवाला कुलदीप चार लिंबांत स्टेशनला सोडू लागला. उन्हाळ्यात लिंबू दहा रुपयांना गेलं, तेव्हा लोकांनी सगळी नाणी पिऊन टाकली. मला नवल वाटलं नाही. महायुद्धात तांबं कमी पडलं म्हणून सरकारनं पैशाला मधोमध भोक पाडलं, तर लोकांनी तो पैसा वॉशर म्हणून वापरला. सासूबाईंच्या डब्यात तसे दोन होते.

आता डिसेंबरात बाजारात लिंबू रुपयाला आलं, जयवंताकडे मात्र पाचालाच चाले. गल्लीत शिकवणी घेणाऱ्या नितेशनं अकोल्याहून पोतंभर लिंबं आणली आणि जयवंतापुढे ओतली.

"सारी फुलकोबी द्या, मावशी. वांगीही."

"हे माहं लिंबू नोय, मास्तर."

"काहून? तुमच्या लिंबावर काय नाव लिहिलं हाय?" त्यानं तिच्या टोपलीतली मूठभर उचलून आपल्या ढिगात मिसळली. "सांगा, तुमचं कोणतं?"

लिंबं घेतली तर जयवंताच्या टोपल्या रिकाम्या आणि उद्या दुसरा कोणी पोतं आणणार. नाही म्हणावं तर तिचा शब्द गेला, गिऱ्हाईकही गेलं. "उद्या या," म्हणाली आणि माझ्याकडे वळली.

"काकू, असं झालं तं सरकार काय करते?"

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवलेलं मी सांगितलं. राजा नाण्यावर छाप मारतो. छाप नाही ते नाणं नाही.

"हे मले आधी काहून नाही सांगतलं?"

मंगळवारी तिच्या प्रत्येक लिंबावर कुंकवाचा ठसठशीत अंगठा होता.

पहिली आली समोरची रागिणी. जयवंतानं हातावर लाल लिंबू ठेवताच ती किंचाळली आणि मेथी, पिशवी, लिंबू तिथंच टाकून पळाली. चहावाल्यानं टपरीभोवती पाणी शिंपडलं. कुलदीपला मागच्या सीटवर एक दिसलं, तर तो चालू ऑटो सोडून उतरला. आत सवारी होती.

"अवो, उतारा नोय तो!" जयवंता ओरडत होती. "नाणं हाय, नाणं!"

नितेश पुन्हा पोतं घेऊन आला, तेव्हा ती कुंकवाची डबी घेऊन उठली. "तुमच्या ढिगात माही मूठभर हायेत. आता वळखू येत नाही. साऱ्यायलेच लावू काय?"

"नका, मावशी, घरी लेकरं हायेत माही," म्हणत तो पोतं टाकून मागे सरकत गेला.

दुपारपर्यंत कोपऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. फुलकोबी पिवळी पडू लागली. "बुडाली मी, काकू," ती म्हणाली. छाप माझीच होती.

पण स्वयंपाकाला भाजी तर हवीच. संध्याकाळी रागिणी परत आली, हात लांब करून. "बरोबर पैसे हायेत व माय, परत काही देऊ नको." तिच्यामागे सगळी गल्ली. ज्यांच्याकडे जन्मात सुटे नव्हते, त्यांनी देवघरातून, स्कूटरच्या डिकीतून, पोरांच्या गल्ल्यातून चिल्लर काढली. तरी काही परत द्यायचं निघालंच आणि जयवंताचा हात टोपलीकडे गेला, की माणूस ओरडे, "दहाचं नाणं द्या! दहाचं चालते!"

अंधार पडायच्या आत फुलकोबी संपली. जयवंतानं नितेशचं पोतं माझ्या ओसरीवर आणून ठेवलं.

३ डिसेंबर, मंगळवार, रात्र. लिंबाचं गोड लोणचं घातलं. साखर संपली.