मथुरेचा हां

फोंडाघाटच्या बाजाराच्या टोकाला, जिथून घाट चढायला लागतो त्याच्या अलीकडे काशिनाथशेठची रद्दीची वखार होती. कट्टा गावापासून वैभववाडीपर्यंतच्या दुकानांतले पुठ्ठे, साबण-बिस्किटांची रिकामी खोकी, जुनी वर्तमानपत्रे तिथे जमत आणि ट्रकने घाटावरच्या कागद कारखान्यात जात. सुटा पुठ्ठा भरला तर ट्रक भरतो पण वजन होत नाही, निम्मा वाराच वाहून न्यायचा. म्हणून ब्याऐंशी साली शेठने घाटावरून एक जुना हातप्रेस विकत आणला. छातीएवढी लोखंडी पेटी, वरून खाली येणारी जाड दाबपाटी, मागच्या बाजूला दातेरी चाक आणि ते फिरवायला लांब दांडा. दाबून तारेने बांधलेल्या ठोकळ्याला गाठ म्हणत.

पहिल्या गाठी ट्रकवर चढवतानाच सुटल्या. सगळे म्हणाले, जोर कमी पडतो. मथुरा तेव्हा रद्दी निवडायच्या कामावर होती. ती म्हणाली, जोर पुरेसा आहे, भरणे चुकते. पेटीचे पोट आधी भरले की कोपरे पोकळ राहतात आणि तार तिथूनच घसरते. तिने लुगडे खोचले आणि पेटीत उतरली. आधी चार कोपरे, मग मधले, एक थर उभा, एक आडवा, आणि प्रत्येक थर टाचेने तुडवायचा. चवड्याने तुडवले तर पुठ्ठा वाकतो, बसत नाही. त्या दिवसापासून पेटी भरायचे काम तिचे झाले.

दांडा ओढायला गुरुदास होता. तिच्याच वाडीतला, तिच्याहून लहान, हाडापेराने थोराड. दांडा पेटीच्या मागे, मध्ये पाटीची चौकट, त्यामुळे पेटीपुढची मथुरा त्याला दिसत नसे. काम आवाजावर चाले. ती ‘हां’ म्हणाली की एक ओढ. ‘रव’ म्हणाली की थांबायचे. चार वर्षे या दोन शब्दांवर गाठी निघाल्या. कधी तार तुटली, कधी दांडा निसटला, पण शब्द चुकला नाही.

पाटी दाबलेली असतानाच तिच्याखालच्या खाचेतून तार ओवावी लागे. तार पुढे ढकलायला बांबूची कांब होती. खाचेत हात घालायचा नाही, हा नियम मथुरेनेच केलेला.

शहाऐंशीच्या वैशाखात, एका दुपारी, ट्रक भरून उभा होता. शेवटची गाठ राहिली होती. ड्रायव्हर घाटावरचा. त्याच्या ट्रकचा एकच दिवा लागत होता, त्यामुळे उजेड आहे तोवर त्याला घाट चढून जायचे होते. तो दारात येरझारा घालत होता. मथुरेची तार एका खोक्याच्या दुमडीत अडकली. तिने कांबेने रेटली, तर कांब मोडली. दुसरी कांब बाहेर कुंपणाला टेकून ठेवलेली होती. तिने त्या दिशेने पाहिले, आणि उजवा हात खाचेत घालून बोटांनी दुमड सोडवू लागली.

“झाली का गाठ, वैनी?” ड्रायव्हरने दारातून विचारले.

“हां,” मथुरा म्हणाली.

पेटीमागे गुरुदासने दांडा ओढला.

चाक एक दात पुढे गेले. ते मागे फिरू नये म्हणून बसवलेली खुट्टी कट्‌कन त्या दातात पडली. पाटीची कड आणि खालची लोखंडी पट्टी यांत मथुरेची बोटे मुळापासून धरली गेली.

“रव,” ती म्हणाली. “माझो हात आत आसा.”

गुरुदास पुढे आला, पाहिले, आणि परत दांड्याकडे धावला. त्याने दांडा उलटा रेटला. चाक हलले नाही. दाबलेला पुठ्ठा पाटीला वर ढकलत होता आणि तो सगळा भार खुट्टीवर होता. ड्रायव्हरने ट्रकमधून पहार आणली.

“पेटीच्या दाराची कडीच तोडतो. पुठ्ठं बाहेर आलं की मोकळं हुतंय.”

“दाराक हात लावू नको,” मथुरा म्हणाली. “पुठ्ठो बाहेर इलो की पाटी खाली येतली. माझ्या हातार.”

त्याने पहार खाली ठेवली.

दाब सोडायची रीत एकच होती आणि ती दोघांना पाठ होती. आधी दांडा थोडा पुढेच ओढायचा, म्हणजे भार खुट्टीवरून दांड्यावर येतो. मग खुट्टी उचलायची आणि दांडा सावकाश मागे सोडायचा. रोज तो पुढचा थोडा दाब गाठीवर पडे. आज तो मथुरेच्या बोटांवर पडणार होता. कमी ओढले तर खुट्टी उचलणार नाही. जास्त ओढले तर ती पुढच्या दातात पडेल.

“वैनी, माझ्यान होवचा नाय.”

“मग कोणाच्यान? ह्या डायवराच्यान?”

“तुझो हात जातलो गो.”

“असो ठेवलो तरी जातलो. चार वर्सां वढतंस, आजच कसो नवरदेव झालंस लाजाक?”

गुरुदास रडत होता. मथुरेने डावा हात पेटीच्या कडेवरून मागे नेला. खुट्टीचे टोक बोटांना लागले. पकडता येत होते, जेमतेम.

“नीट आयक. मी हां म्हटल्याशिवाय वढू नको. रव म्हटलंय की थंयच धरून रव. सोडू नको, दांडो तुझ्या तोंडार येतलो.” मग ती ड्रायव्हरकडे वळली. “आणि तू काय एक इचारू नको.”

आता फक्त हां म्हणायचे होते. दिवसातून कितीतरी वेळा म्हटलेला शब्द तिच्या तोंडातून फुटेना.

“हां.”

दांडा हलला नाही.

“हां, मेल्या.”

गुरुदासने ओढले. मथुरेच्या डोळ्यांपुढे पांढरे झाले. खुट्टी मात्र तिच्या डाव्या बोटांत अजून ताठ होती. आणखी थोडे. मग ती सैल झाली.

“रव.”

तो थांबला. त्याचा श्वास तिला पेटीपलीकडून ऐकू येत होता. एवढा भार अधांतरी धरून ठेवणे हे ओढण्याहून अवघड काम आहे. ओढताना अंगाचे वजन कामी येते, धरताना नुसते दंड. तिने खुट्टी उचलली आणि उचलून धरली.

“आता सोड. हळू. भाताची गोण खांद्यावरसून उतरवतंस, तशी.”

पाटी सुतासुताने वर गेली. मथुरेने हात बाहेर काढला, पदरात गुंडाळला आणि जमिनीवर बसली. तेव्हा कुठे ती ओरडली, एकदाच.

बाजारातल्या डॉक्टरने दोन हाडे मोडल्याचे सांगितले. ती जुळली. करंगळीशेजारचे बोट मात्र पुन्हा वाकले नाही. ट्रक त्या संध्याकाळी एक गाठ कमी घेऊन घाट चढला.

लावणी आटोपल्यावर मथुरा वखारीत परत आली, तेव्हा ती अर्धवट गाठ पेटीतच होती. गुरुदास गाड्यांवरून ओझी उतरवत होता. शेठने सांगून पाहिले, रागावून पाहिले, पण त्याने दांड्याला हात लावला नव्हता.

“गुरुदास, ये रे. गाठ रवली आसा आपली.”

“दुसऱ्या कोणाक सांग, वैनी.”

“दुसऱ्याची वढ माका म्हायत नाय.”

तो आला. दांडा धरून उभा राहिला.

“हां,” मथुरा म्हणाली.

तो पेटीला वळसा घालून पुढे आला. “हात दाखव.”

तिने दोन्ही हात दाखवले. तो मागे गेला आणि दांड्याला हात लावायच्या आत परत पुढे आला.

“अरे, असा केलंस तर दिवाळी येतली.”

“येवंदे.”

मग मथुरेने वर पाहिले. पेटीच्या चौकटीवरची आडवी पट्टी डोक्याच्या उंचीवर होती, आणि पट्टीच्या वरचे गुरुदासला मागून दिसत असे. तिने दोन्ही हात पट्टीच्या वर उंच केले.

“दिसतत?”

“दिसतत.”

“हां.”

त्याने ओढले. गाठ बांधून झाली तेव्हा मथुरेचा डावा हात तिप्पट दमला होता. उजव्याला अजून तार पिळता येत नव्हती.

पुढे वखार बंद होईपर्यंत तसेच चालले. आधी हात वर, मग हां. दमल्यावर तिची बोटे अर्धी मिटलेली असत, पण ते एक बोट सरळ उभे राही. गुरुदास पट्टीच्या वर आधी ते बोट शोधी, आणि मगच दांडा ओढी.