एकसारखे चार पंखे

आमच्या धाकट्या साडूंनी बनवलेली कुठलीही वस्तू एकांतात बिघडल्याचं माझ्या माहितीत नाही. ती बिघडते ती चारचौघांत, त्यांनीच आग्रहाने बोलावलेल्या माणसांसमोर, आणि त्या माणसांत सगळ्यांत पुढे मी असतो. परतूरच्या एका शाळेत ते चित्रकला शिकवतात आणि उरलेल्या वेळात काहीतरी जोडत बसतात. मेव्हण्याच्या लग्नात त्यांनी गुलाबपाणी उडवणारा पंखा बसवला आणि मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आत नवरीकडची पहिली रांग ओलीचिंब केली. लोकांनी त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मोठा जावई मी. मी मान खाली घालून रुमाल शोधत होतो, आणि साडू माझ्या कानात म्हणत होते, "साडूभाऊ, दाब जरा जास्त झाला. बाकी सगळं बराबर हाय."

त्यांनी ड्रोन बनवायला घेतलं तेव्हा मी जालन्यात असल्याचं मला समाधान वाटलं. पण बातम्या येत राहिल्या. पहिल्या आठवड्यात बॅटरीच्या तारा उलट्या जोडून त्यांनी स्वयंपाकघरात धूर केला. मग पंखे न काढता घरातच मोटारी फिरवून पाहिल्या. पलंगावर वाळत घातलेल्या शेवया खोलीभर झाल्या. मेव्हणी तीन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. ते तिला खिडकीतून समजावत होते, "अगं, हवा किती फेकतंय ते तर पाह्य!"

हा खटाटोप आमच्या सासऱ्यांसाठी, म्हणजे मामांसाठी होता, हे सांगायला हवं. मामा जाफराबादजवळच्या खेड्यात राहतात. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना ओढा ओलांडून शेतात जाता येत नाही. आलेल्या प्रत्येकाला ते विचारतात, "कपाशी कशी हाय?" प्रत्येकजण "चांगली हाय" म्हणतो, आणि त्यांचा कुणावरही विश्वास बसत नाही. मी एकदा मोबाईलवर फोटो काढून नेले. त्यांनी ते पाहिले आणि म्हणाले, "हे झाड झालं, पाव्हणं. शेत कुठं हाय?" मी फोन खिशात ठेवला. साडू मात्र म्हणाले, "मामा, चारही बांध दाखवतो तुम्हाला. बाजंवर बसून."

उड्डाणाच्या आदल्या दिवशी ते माझ्याकडे मुक्कामाला आले. मी एकेक भाग तपासला, तेव्हा चारपैकी दोन पंख्यांचा पीळ उलटा असल्याचं माझ्या लक्षात आलं. साडू म्हणाले, "तसेच असतात म्हन्तेत." मी म्हणालो, "म्हणतात म्हणजे काय? दुकानदाराने जुने-नवे एकत्र दिलेत. चारही एकसारखे पाहिजेत." त्यांच्याच डब्यातल्या जास्तीच्या पंख्यांतून मी जुळणारे दोन निवडले आणि स्वतः घट्ट बसवले. माझ्या नीटनेटकेपणावर त्यांचा फार विश्वास. त्यांनी डबा बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावी मामा अंगणात बाजेवर, हातात चित्र दिसणारा छोटा पडदा. आम्ही ओढ्यापलीकडे शेतात, माझा फोन मामांशी जोडलेला. साडूंनी अर्धं गाव बोलावलं होतंच. सासूबाईंनी ड्रोनला लिंबू-मिरची बांधायला लावली, तेव्हा तोल जाऊ नये म्हणून समोरच्या बाजूला मी तेवढंच दुसरं लिंबू बांधलं. लोक हसले. साडूंनी मोरया म्हणून रिमोट दाबला. ड्रोन जागच्या जागी थरथरलं, एका बाजूने गुडघाभर उचललं गेलं आणि पाठीवर आपटलं. एक लिंबू कपाशीत गेलं. कुणीतरी ओरडलं, "गुरुजी, याला पोहायला शिकवलं काय?"

साडू गुडघ्यांवर बसून मोटारींकडे पाहत राहिले. दोन मोटारी एका दिशेने फिरत होत्या, दोन उलट्या. पंखे मात्र चारही एकाच पिळाचे. दोन पंखे ड्रोनला वर उचलत होते, दोन खाली दाबत होते. मला हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "पंखे मी बदलले होते." त्यांनी वर न पाहता उत्तर दिलं, "तुम्ही मदत करून राह्यलते, साडूभाऊ. पाह्याचं काम माझं होतं." त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात फोनमधून मामांचा आवाज आला. "हलवू नका. माती दिसून राह्यली." आपटताना कॅमेरा वाकून जमिनीकडे वळला होता. "ओल हाय अजून," मामा म्हणाले. "मंग पुढं न्या की!"

दोन पंखे तुटले होते, पण कॅमेरा चालू होता. साडूंनी ड्रोन माझ्या हातात दिलं, कारण आमच्या दोघांत उंच मी. इस्त्रीच्या शर्टात, ड्रोन डोक्यावर धरून मी बांधावरून चालू लागलो. मागे पोरं, बाया, हसणारं गाव. पुढे साडू काटे बाजूला करत, "सावकाश, साडूभाऊ, खड्डा हाय." फोनमधून मामा ओळीओळीची विचारपूस करत होते. पूर्वेच्या बांधावर त्यांनी मला बोरीच्या झाडासमोर थांबवलं. मग म्हणाले, "बोर जगली म्हणायची."

चौथा बांध संपेपर्यंत माझे हात भरून आले होते. "थोडं वर धरा, पाव्हणं," मामा म्हणाले, "पल्याडचंही दिसू द्या." मी टाचा उचलल्या. माझी उंची तेवढ्यावर संपत होती. साडू माझ्याकडे पाहत होते, आणि ती उरलेली उंची कशी भरून काढता येईल याचा विचार त्यांच्या डोक्यात तिथेच सुरू झालेला मला दिसत होता.